रपट्यावरची चाकोरी

बैलबंडी हाकायला मला कोणी शिकवलं नाही. सासऱ्यांचे गुडघे धरले, नवरा अकोल्याला गिरणीत लागला, मग कासरा धरणार कोण? मीच धरला. पहिल्या दिवशी रिठदच्या वाटेवर दोन बाया डोक्यावरचे भारे खाली ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "अवं माय, बाई बंडी हाकून राह्यली!" दुसरी म्हणाली, "बैलायले समजलं नसन अजून." मलाही हसू आलं. चार महिन्यांनी कोणी बघेनासं झालं, आणि बैलांना तर त्यात बघण्यासारखं कधी काही वाटलंच नाही.

आमच्याकडे ढवळा आणि तांबडा अशी जोडी होती. ढवळा शहाणा, तांबडा जरा आडमुठा, पण आवाज ओळखायचा. हे मी जे सांगते आहे ते मोठ्या दुष्काळाच्या दोन वर्षांनंतरचं. तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. गावाबाहेर एक नाला आहे. दुष्काळी कामं निघाली तेव्हा त्या नाल्यापर्यंतच्या रस्त्याची खडी आम्ही बायांनीच फोडली. नाल्यावर रपटा झाला, म्हणजे पाणी वरून वाहून जाईल असा बुटका पूल. त्या रपट्यातही माझ्या हातचे दगड आहेत. नंतरच्या पावसाळ्यात पुरानं त्याचा अर्धा भाग नेला. पावसानं जरा उघडीप दिली तसा सरकारी मिस्त्री आला. त्यानं नवीन सिमेंट टाकायला घेतलं, दोन्ही बाजूंनी बाभळीच्या काट्या लावल्या, एका काठीला लाल फडकं बांधलं आणि गावात दवंडी दिली की माल वाळेपर्यंत कोणी रपट्यावरून बंडी घालू नये, खालून नाल्यातून न्यावी.

आता पोळ्याचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझे सासरे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आमच्या वस्तीतून जाणारे ते पहिले. आल्यावर त्यांनी देव्हारा उचलला तो परत ठेवला नाही. आणि पोळा बंद केला. त्याला कारण होतं. पोळ्याला गावचे बैल तोरणाखाली उभे राहतात, मानाची जोडी पुढे, मग दुसऱ्यांच्या, आणि आमच्या वस्तीचे बैल सगळ्यांत मागे, खतवाड्याच्या कडेला. सासऱ्यांच्या वडिलांनी एकदा बैल दोन पावलं पुढे घेतले तर त्यांना चारचौघांत हाताला धरून मागे नेलं होतं. ते सासऱ्यांनी लहानपणी पाहिलेलं. म्हणून दीक्षा घेतल्यानंतर ते मुद्दाम पोळ्याच्याच दिवशी बंडी जुंपायचे आणि गावाच्या मधून न्यायचे. सगळ्यांचे बैल शिंगं रंगवून, झूल घालून उभे, आणि आमची बंडी खडखडत चाललेली. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पोळ्याच्या दिवशी जू कोणाच्या बैलांवर असतं ते.

त्यांच्या सख्ख्या भावानं घरात पोळा परत सुरू केला तेव्हा त्यांनी भावाशी बोलणं सोडलं. एकच अंगण, मध्ये एक तुराट्यांचा कूड, आणि दोन वर्षं बोलणं नाही.

माझं माहेर शेतीवालं. तिथंही दीक्षा घेतलेली, पण आई पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायची. कोमट पाणी, मग तूप, मग हळद. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात, सूज येते, म्हणून. देवासाठी नाही. आई तसं म्हणायची, आणि मलाही तसंच वाटतं. त्या वर्षी तांबड्याचा खांदा चांगलाच सुजला होता. आदल्या दिवशी दुपारी सासरे ओसरीत निजलेले पाहून मी कोठ्यात, बैलांच्या गोठ्यात, गेले आणि दोघांचेही खांदे शेकले. तूप चोळलं, वरून हळद दाबली. आणि आई म्हणायची तसं त्यांच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणायला नको होतं कदाचित. पण तोंडातून गेलं.

संध्याकाळी सासरे म्हणाले, "सूनबाई, मले उद्या रिसोडले जावा लागते. सभा आहे. तू सकायी बंडी जुंप अन् वावरातलं गवत आण. गावाच्या मधून आण, दिसू दे लोकायले."

"हो मामाजी," मी म्हणाले.

ते पहाटेच्या गाडीनं गेले. मी कोठ्यात गेले, जू उचललं आणि परत ठेवलं. जू ठेवलं की हळद पुसली जाणार, आणि तांबड्याच्या सुजेवर ते लाकूड पडणार. मला झालं नाही. मी विळा घेतला, पायी वावरात गेले आणि दोन खेपा करून गवत डोक्यावर आणलं. बैल दिवसभर कोठ्यात उभे होते. त्यांना पोळीचा तुकडासुद्धा दिला, खोटं कशाला बोलू.

सासरे दिवस कलताना आले. "आणलं का गवत?"

"आणलं."

"बंडीनं?"

"हो."

सासऱ्यांशी तेवढं एकच खोटं बोलले मी. ते रोजच्यासारखे काठी टेकत कोठ्यात जाऊन आले, बैलांच्या पाठीवर हात फिरवून आले. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. ते आले, हात धुतले, जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तीन माणसं आली. रिसोडच्या ठाण्याचे जमादार, गावचे पोलीस पाटील आणि रपट्याचा मिस्त्री. मिस्त्री लालबुंद झालेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळता मावळता त्यानं शेवटचा माल टाकला होता आणि सगळे मजूर घेऊन पोळ्यासाठी घरी गेला होता. आज येऊन बघतो तर काट्या बाजूला सारलेल्या आणि ओल्या सिमेंटमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन चाकोऱ्या गेलेल्या. मध्ये बैलांची खुरं उठलेली. आणि आता ते सगळं दगडासारखं वाळलेलं.

"पोळ्याच्या दिवशी कोणाची बंडी निंघते, सांगा तुमीच," पोलीस पाटील म्हणाले. "साऱ्या गावाचे बैल तोरणाखाली होते. मी मोजले आहेत. दुसऱ्या गावायतही तेच. राह्यले कोण?"

वस्तीतली माणसं जमायला लागली. कुडापलीकडे चुलत सासू, म्हणजे सासऱ्यांच्या त्या भावाची बायको, पाण्याची बादली घेऊन थांबली.

जमादार सासऱ्यांना म्हणाले, "बुढेबाबा, तुमची बंडी निंघाली होती का काल? खरं सांगा."

मी दारात उभी होते. आता सासरे माझ्याकडे वळतील, विचारतील, आणि मला सांगावं लागेल, असं वाटलं. पण ते वळले नाहीत. त्यांनी काठी पुढे टेकली, पाठ सरळ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "निंघाली होती. दरवर्षी निंघते. आमच्या घरी पोळा नाही."

"झालं तं मग," जमादार म्हणाले. "कोण हाकत होतं?"

"मी रिसोडले होतो. सून हाकते. पण थे वावराच्या वाटेनं गेली असन, रपट्यानं कायले जाईन?"

"कायले जाईन थे तिलेच विचारू." जमादार माझ्याकडे बघून हसले. "काय बाई, लायसन आहे का बंडीचं?"

लोक हसले. आमच्या वस्तीतलेही हसले, वाईट मनानं नाही, जमादार हसला म्हणून. मी डोक्यावरचा पदर ओढला. दोनच शब्द म्हणायचे होते. बैल जुंपले नव्हते. कोठ्यात चला, हळद बघा, जू ठेवलं असतं तर ती पुसली असती. एवढं म्हटलं असतं तर जमादार तिथूनच माघारी गेले असते. पण मग त्या सगळ्या माणसांसमोर, पाटलासमोर, कुडापलीकडच्या त्या भावाच्या घरासमोर उघडं पडलं असतं की ज्या पोळ्यावरून सासऱ्यांनी भाऊ तोडला, तो त्यांच्याच कोठ्यात झाला. त्यांचं उभं राहणं मी बघत होते. काठीवरचे हात बघत होते. आणि ते दोन शब्द मी म्हटले नाहीत.

"बोलत नाही म्हणजे कबूल आहे," मिस्त्री म्हणाला.

"नुकसानीचं कलम मी टाकत नाही," जमादार कागदावर लिहीत म्हणाले. "बंद रस्त्यावरून बंडी हाकली, एवढंच किरकोळ टाकतो. बाईमाणूस आहे." आणि शाई लावून माझा अंगठा धरायला लागले.

"मले सही येते," मी म्हणाले. त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच.

मी शाळेत गेलेली नाही. नवऱ्याची अकोल्याहून पत्रं यायची, ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची म्हणून गुळाच्या पुड्यांचे कागद जमवून मी अक्षरं लावायला शिकले. महिन्याभरानं समन्स आलं, ते मीच वाचलं. सरकारी कागदावर माझं पूर्ण नाव पहिल्यांदा बघितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. नावापुढे लिहिलं होतं, आरोपी. मी ते दोनदा वाचलं आणि घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवलं. मला काही वाटलं नाही. हेच सांगायचं आहे मला, लोक विचारतात तेव्हा त्यांना पटत नाही. रडू आलं असेल, राग आला असेल, असं त्यांना वाटतं. नाही आलं. मुंग्या येऊन पाय बधिर होतो, तसं आतून झालं होतं. एकदा विहिरीवरून भरलेली घागर घेऊन निघाले, अर्ध्या वाटेवरून परत गेले, ती विहिरीत ओतली आणि रिकामी घेऊन घरी आले. सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. त्या माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

तारखेच्या चार दिवस आधी चुलत सासूनं कुडातून हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"ऐक वं. मी तुले पाह्यलं व्हतं त्या दिवशी. तुह्या डोक्शावर गवताचा भारा व्हता. दोन खेपा केल्या तुनं. बंडी घरी उभी व्हती."

मी कुडाजवळ गेले.

"मी येतो कोर्टात. सांगतो. मले कोणाचं भेव आहे?"

"नको काकी."

"नको काहून? सोंग घेऊन राह्यली का तू? उद्या तुह्या लेकरायले म्हणतील, तुमची माय पोलिसात गेल्ती."

"तुमी सांगसान तं बंडी काहून नाही जुंपली हेही सांगा लागन."

तिलाही पोळा माहीत होता, हळद माहीत होती. "मंग सांग नं," ती हळू म्हणाली. "तुह्या सासऱ्याचं नाक वर राहावं म्हणून तू आरोपी व्हशीन का?"

ती जाताना म्हणाली, "बैलापेक्षा गरीब आहेस, बाप्पा तू." ते मला अजून ऐकू येतं.

तारखेला सासरे आणि मी रिठदपर्यंत चालत गेलो, तिथून एसटीनं वाशिम. सासऱ्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, वर कोट घातला होता. गाडीत त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही भिंतीला टेकून बसलो. शिपायानं बाहेर येऊन माझं नाव तीन वेळा पुकारलं, मी तिथंच समोर बसलेली असताना तीन वेळा, मळ्यातल्या माणसाला हाक मारावी इतक्या मोठ्यानं. मी उठले. सासरे दारापर्यंत आले आणि तिथं थांबले.

साहेब तरुण होते. कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. "बंदी असलेल्या रस्त्यावरून बैलगाडी हाकली, असा आरोप आहे. कबूल आहे का?"

मी मागे वळून बघितलं. का बघितलं कोण जाणे. सासरे दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते आणि खाली बघत होते.

"हो," मी म्हणाले.

साहेब म्हणाले, "पहिलीच वेळ आहे. कोर्ट उठेपर्यंत बसून राहा." दंड केला नाही, तेवढीच शिक्षा. मला कोपऱ्यातला बाक दाखवला. मी बसले. मग दुसऱ्यांची कामं सुरू झाली, बांधाची, फारकतीची, मारामारीची. मी ऐकत होते आणि काही ऐकू येत नव्हतं. वरचा पंखा मोजून मोजून फिरत होता. दुपारी साहेब उठले तशी मीही उठले.

शिपाई म्हणाला, "बसा बाई. थे जेवाले उठले, कोर्ट नाही उठलं."

मी परत बसले. पाण्याला जाता येतं की नाही ते कोणी सांगितलं नाही, म्हणून मी गेले नाही. पाच वाजता सगळे उठले, खुर्च्या सरकल्या, दिवा मालवला. शिपायानं सांगितलं, "जा आता घरी." एवढंच. माणूस सुटतो तेव्हा काहीतरी होत असेल असं वाटलं होतं. काही झालं नाही. माझा उजवा पाय बसून बसून बधिर झाला होता, तो जमिनीवर टेकवला तर जमीन लागेना.

सासरे बाहेर निंबाखाली होते. त्यांनी केळी आणून ठेवली होती, ती माझ्या हातात दिली. एसटीत त्यांनी मला परत खिडकीजवळ बसवलं. रिठदला उतरलो आणि पायी वाटेला लागलो. दिवस बुडाला होता, कापसाच्या ओळींत अंधार भरत होता. ते पुढे, मी दोन पावलं मागे. त्यांची काठी मुरमात रुतत होती.

चालता चालता, मागे न बघता ते म्हणाले, "त्या दिवशी बैलायच्या खांद्याले हळद होती."

मी चालत राहिले.

"मी हात फिरवला तं बोटाले लागली. पुसली नव्हती कुठं. जू बसलंच नव्हतं." मग काठी मुरमातून उपसत, "मले मालूम होतं, पोरी. मले मालूम होतं अन् मी थे बोललो."

"हो मामाजी," मी म्हणाले.

त्यांना आणखी काही ऐकायचं असेल. मलाही आणखी काही म्हणायचं असेल. पण शोधलं तर आत काही सापडेना. केळी हातात होती. मी एक सोलून त्यांना दिलं, एक मी खाल्लं. गोड असेल, मला कळलं नाही.

त्यानंतर वर्षभर मी रपट्यावरून बंडी घातली नाही. उघडा होता, सगळे जात होते, मी आपली खालून नाल्यातून नेत होते. बाया विचारायच्या, "खालून काहून जातं वं?" मी म्हणायची, बैलांना पाणी पाजायला.

दुसऱ्या वर्षीचा पोळा आला. आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीत दाणे निवडत होते. सासरे आतून वाटी घेऊन आले. वाटीत तूप होतं, वर चिमूटभर हळद. त्यांनी ती कोठ्याच्या दाराशी कोनाड्यात ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि भावाकडे जातो म्हणून कूड ओलांडून गेले. भावाकडे. म्हणजे ते बोलू लागले होते. मला चांगलं वाटायला हवं होतं. मी वाटीकडे बघत बसले. उठायचं ठरवलं, दोनदा ठरवलं. हात दाण्यांतून निघाले नाहीत. संध्याकाळपर्यंत तुपावर मुंग्या चढल्या.

सकाळी मी कोठ्यात गेले आणि जू उचललं. या वेळी ठेवलं. ढवळ्यावर, मग तांबड्यावर. सासरे ओसरीतून बघत होते. मी गावाच्या मधून बंडी काढली. तोरण बांधून झालं होतं, शिंगं रंगवणारे हात थांबले. कोणीतरी म्हणालं, "निंघाली पहा." मी रपट्यावर आले.

तिथं त्या चाकोऱ्या होत्या. सिमेंटमध्ये पक्क्या बसलेल्या, वर्षाचा पाऊस जाऊनही कडा तशाच. मी इतकी सरळ कधी त्यांच्यासमोर आले नव्हते. बैलांना हळू चालवलं. डावं चाक डाव्या चाकोरीत उतरलं. उजवं उतरलं नाही. ते बाहेरच राहिलं.

मी बैल थांबवले, खाली उतरले, वाकून बघितलं. उजव्या चाकोरीपासून आमचं उजवं चाक एक वीतभर बाहेर होतं. आणि डाव्या चाकोरीत बसलेलं चाकही नीट बसलं नव्हतं, आमच्या चाकावरची लोखंडी धाव रुंद, ती चाकोरी अरुंद, कडांवर तोललेली. बंडीचं चाक गेलेलंच नव्हतं तिथून. ती दमणी होती, माणसं बसवून न्यायची हलकी गाडी. आमच्या पंचक्रोशीत दमण्या चार-दोन मोठ्या घरीच होत्या. कोणाची ते मी तेव्हाही कोणाला म्हणाले नाही, आताही म्हणणार नाही. नुसत्या अंदाजावर कोणाचं नाव घेणं काय असतं ते मला माहीत आहे.

जमादार, पाटील, मिस्त्री, तिघे इथं उभे राहिले होते. त्यांच्यापैकी कोणी आमच्या अंगणातली बंडी मोजली नव्हती. मीही मोजली नव्हती. मीच फोडलेले दगड होते त्याखाली, आणि मी वर्षभर खालून जात होते.

मी वीत परत एकदा लावून बघितली. तेवढीच भरली. आजूबाजूला कोणी नव्हतं, सगळे तोरणापाशी. तांबड्यानं मान हलवली, जुवाखाली त्याचा घट्टा पांढरा दिसत होता. मी वर चढले, कासरा घेतला आणि बंडी पुढे काढली. उजवं चाक बाहेरून, डावं चाकोरीच्या कडेनं खडखडत.